चित्रात माणसाचा हातही दिसू दे

भिंतींवर प्राण्यांची चित्रं काढावीत की काढू नयेत, हा वाद वरकरणी किरकोळ. पण एखाद्या वस्तीत किंवा शाळेत ‘प्राण्यांविषयी करुणा जागवण्यासाठी’ भित्तिचित्रं, पथनाट्य, पोस्टर स्पर्धा असं काही ठरलं की लगेच दोन तट पडतात, आणि दोन्हीकडची वाक्यं पाठ असल्यासारखी बाहेर येतात. एक तट म्हणतो, रंगाच्या डब्यांवर उडवलेल्या पैशांत कितीतरी जनावरांवर उपचार झाले असते. चित्र बघून जखमेतल्या अळ्या मरत नाहीत. दुसरा म्हणतो, औषधाने शरीर बरं होतं, कलेने मन बदलतं, आणि मन बदललं की बाकी सगळं आपोआप बदलतं. पहिल्याला हिशेब मांडता येतो, पण हिशेबात काय काय धरायचं हे त्याने नीट पाहिलेलं नाही. दुसऱ्याच्या त्या ‘आपोआप’मध्ये तर सगळी गोम आहे. माझं म्हणणं असं: प्राणिकल्याणाच्या कामात कला हवी, तिच्यासाठी वेगळा पैसाही काढून ठेवावा. मात्र आज या नावाखाली जे चालतं त्यातलं पुष्कळसं निरुपयोगी आहे आणि काही तर अपायकारक. कारण त्यात फक्त प्राणी दिसतो. त्याच्या मानेवर जास्तीचं ओझं लादणारा, साखळी आखूड करणारा, दगड उचलणारा माणसाचा हात दिसत नाही, आणि तो न दाखवता करुणेबद्दल बोलणं म्हणजे आरोपीला वगळून खटला चालवण्यासारखं आहे.

पहिल्या तटाचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. ते थोडं नाही. रेबीजचं उदाहरण घ्या. एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की तिथली रोगप्रसाराची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे ७० टक्के सुईने गाठायचे असतात, कुंचल्याने नाही. लसीचा पैसा भिंतीकडे वळवणाऱ्या संस्थेचं समर्थन कुणी करू नये. मीही करत नाही. पण मग पुढचा प्रश्नही विचारा: सुईपर्यंत कुत्रं येतं कसं? कोणतं कुत्रं कुठे झोपतं, कुणाच्या हाकेला येतं, कोणती कुत्री नुकतीच व्यायली आहे, हे त्या त्या गल्लीतल्या माणसांनाच ठाऊक असतं. गाडी आली की ती माणसं कुत्रं धरून देतात की लपवून ठेवतात, यावर मोहिमेचं बरंचसं यश अवलंबून असतं. निर्बीजीकरण झालेल्या भटक्या जनावराच्या कानाला खाच पाडतात किंवा कानाचं टोक कापतात. तेच जनावर पुन्हा पकडलं जाऊन पुन्हा टेबलावर जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू, आणि हे भूल दिलेली असतानाच उरकतात. ज्याला हे माहीत नाही त्याला तो कापलेला कान म्हणजे कुणाची तरी क्रूर थट्टा वाटते, आणि पुढच्या खेपेला तो गाडीवाल्यांशी भांडायला उभा राहतो. त्या एका कानाचं पुरुषभर उंचीचं चित्र कोपऱ्यावरच्या भिंतीवर असेल, खाच ठळक, खाली दोन ओळींत तिचा अर्थ, तर तो खर्च मी औषधपाण्याच्या खर्चातच धरीन. पण असं चित्र क्वचितच निघतं. भिंतीवर येतात ती मोठाल्या ओलसर डोळ्यांची पिल्लं.

कलेच्या बाजूने बोलणारे हटकून वाल्मीकींची गोष्ट सांगतात. क्रौंचाच्या जोडीतला नर व्याधाच्या बाणाने पडला, मादीचा आक्रोश ऐकून ऋषीच्या तोंडून श्लोक बाहेर पडला, म्हणजे कवितेचा जन्मच करुणेतून झाला. गोष्ट सुंदर आहे, पण या वादात ती त्यांच्या विरुद्ध साक्ष देते. तिथे करुणा आधी आहे आणि कविता नंतर. ज्याच्या तोंडून श्लोक आला त्याचं काळीज आधीपासूनच हलणारं होतं. कवितेने ते हलवलं नाही. आणि व्याध? त्याच्या वाट्याला आला शाप. पुढे त्याने धनुष्याचं काय केलं, याची चौकशी गोष्ट सांगणारे कधी करत नाहीत. प्राणिप्रेमाच्या नावाने भरणारी बहुतेक प्रदर्शनं मला या चौकशी न झालेल्या व्याधाची आठवण करून देतात. कळवळा असलेले लोक कळवळा असलेल्यांसाठी चित्रं काढतात, एकमेकांना दाद देतात, आणि ज्याच्या हातात धनुष्य आहे तो त्या दालनाच्या दारातही आलेला नसतो.

नुसत्या चित्रणाने प्राण्यांचं भलं व्हायचं असतं तर ते केव्हाच झालं असतं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका गुहेत रानडुकराचं चित्र आहे. ते किमान ४५,५०० वर्षांपूर्वीचं असल्याचं संशोधकांनी २०२१ साली जाहीर केलं. पाठीवरचे राठ केस, तोंडावरचे मस, सगळं बारकाईने टिपलेलं. (त्या डुकराच्या मागच्या अंगाशी माणसाच्या पंजाचे दोन ठसेही आहेत. माझ्या मुद्द्याला इतका जुना पाठिंबा मिळेल असं वाटलं नव्हतं.) इतक्या बारकाईने पाहणारी ती माणसं शिकारी होती. निरखून पाहणं आणि दया येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माणसाच्या पहिल्या चित्रांपासून दिसतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एडविन लँडसीरची कुत्र्यांची चित्रं घराघरात लागली. धक्क्यावर पंजे पसरून बसलेला त्याचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा तर ‘ह्यूमेन सोसायटीचा मान्यवर सदस्य’ या नावाने गाजला. ही सोसायटी प्राण्यांना वाचवणारी नव्हती, बुडणाऱ्या माणसांना वाचवणारी होती. म्हणजे कुत्र्याचा मान माणसाच्या चाकरीबद्दल. आणि लँडसीर स्वतः हौशी शिकारी होता. भाल्यावर उंच धरलेल्या, तडफडणाऱ्या पाणमांजराचं भलंमोठं चित्रही त्यानेच १८४४ साली प्रदर्शित केलं. त्याला यात विसंगती वाटली नाही. त्याच्या चाहत्यांनाही नाही. ज्या दिवाणखान्यात कुत्र्याचं चित्र होतं त्याच दिवाणखान्यात हरणाचं शिंगाळं डोकं टांगलेलं असायचं.

गोजिरेपणाचा तोटा याहून थेट मोजता येतो. ठिपकेवाल्या डाल्मेशियन कुत्र्यांवरचा डिस्नेचा जुना कार्टूनपट अमेरिकेत १९८५ साली पुन्हा दाखवला गेला. त्या वर्षी तिथल्या केनेल क्लबकडे या जातीच्या ८,१७० कुत्र्यांची नोंदणी झाली होती. १९९३ पर्यंत हा वार्षिक आकडा ४२,८१६ वर गेला. त्या चित्रपटात क्रौर्याची बाजू घेतलेली नव्हती. उलट कातड्यासाठी पिल्लं पळवणारी बाई त्यात खलनायिका आहे. संदेश निर्दोष, परिणाम मात्र पैदाशीच्या धंद्याला तेजी. भरपूर पळायला लागणारं, एकटं ठेवलं की घर डोक्यावर घेणारं हे कुत्रं पडद्यावर जितकं लोभस, तितकं चारभिंतींत सांभाळायला अवघड, आणि हौस फिटल्यावर त्यांतल्या अनेकांची रवानगी प्राणिनिवाऱ्यांत झाली. तेव्हा ‘प्राण्यांवर प्रेम करा’ हा संदेश देणाऱ्याने आधी सांगावं, कोणत्या प्रेमाबद्दल तो बोलतोय? विकत घेण्याच्या, कवटाळण्याच्या, फोटो काढण्याच्या प्रेमाला जाहिरातीची गरज नाही. आणि जे गोजिरे नाहीत त्यांचं काय? वटवाघूळ, घूस, साप, खरजेने केस गेलेलं म्हातारं कुत्रं, ओझ्याखाली पाठ सोललेलं गाढव: ज्यांना दयेची खरी गरज, तेच या चित्रसंमेलनातून बाहेर.

मग हात दाखवणारं चित्र कसं असतं? विल्यम होगार्थने १७५१ साली लंडनमध्ये क्रौर्याच्या चार अवस्था दाखवणारी चार मुद्राचित्रं काढली. टॉम नीरो नावाचा अनाथ पोरगा आधी कुत्र्याचे हाल करतो, मग घोडागाडीवाला होऊन घोड्याला मारतो, मग खून करतो, आणि शेवटी फासावर जाऊन त्याच्या प्रेताची चिरफाड होते. माझ्या दृष्टीने यातलं दुसरं चित्र सर्वांत मोलाचं आहे. भररस्त्यात गाडी कलंडली आहे. घोडा पाय मोडून खाली बसलाय आणि टॉम चाबूक उलटा धरून मुठीच्या बाजूने त्याला हाणतोय. एवढंच असतं तर एक दुष्ट माणूस आणि एक बिचारा घोडा, इतकाच मामला झाला असता. पण त्या कलंडलेल्या गाडीतून बाहेर पडायची धडपड कोण करतंय? चार लठ्ठ वकील. भाडं वाटून घेता यावं म्हणून ते एकाच गाडीत कोंबून बसले होते. घोडा टॉमच्या रागापायी पडला नाही, या चार सभ्य गृहस्थांच्या काटकसरीपायी पडला. मागे एक मेंढपाळ थकून पडलेल्या मेंढीला बडवतोय, एका गाढवावर माणसांसकट डोंगराएवढं ओझं आहे, दारूच्या गाडीवरचा हाकणारा पेंगतोय आणि चाकाखाली मूल आलंय. आणि एका बाजूला एक माणूस वहीत काहीतरी लिहितोय. तो टॉमच्या गाडीचा नंबर टिपून घेतोय, तक्रार करायला.

त्या नंबर टिपणाऱ्या माणसासाठी मी होगार्थला शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे. एकाच चित्रात मारणारा आहे, ज्याच्या सोयीसाठी मारलं जातं तो आहे, दुर्लक्ष करणारा आहे, आणि बघणाऱ्याला करता येईल अशी एक साधी कृतीही आहे. पाहणाऱ्याने आपली जागा निवडावी. शिवाय होगार्थने ही चित्रं मुद्दाम ठसठशीत, जाड रेघांची ठेवली. फार नाजूक कोरीवकाम केलं तर किंमत वाढेल आणि ज्यांच्यासाठी चित्रं काढली त्यांच्या हाती ती पडणार नाहीत, असं त्याने स्वतःच म्हटलं आहे. आणखी स्वस्तात निघावीत म्हणून त्याने लाकडी ठशांचाही प्रयत्न केला. तो महाग पडला आणि दोनच ठसे निघाले. कलाकाराने आपलं कसब आवरून प्रेक्षकापर्यंत पोचायचा विचार केला, याचं मला कौतुक वाटतं. आता, या चित्रांनी लंडन सुधारलं का? प्राण्यांच्या छळाविरुद्धचा ब्रिटिश संसदेचा पहिला कायदा आला तो १८२२ साली, म्हणजे एकाहत्तर वर्षांनी, रिचर्ड मार्टिन या खासदाराच्या खटपटीमुळे. चित्रामुळे कायदा झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण मधल्या काळात रस्त्यावर घोड्याला मारणं ही रोजच्या हवापाण्यासारखी नैसर्गिक गोष्ट न राहता ज्याविषयी मत असावं अशी गोष्ट झाली, आणि त्या बदलात धर्मोपदेशक, तत्त्वज्ञ, पत्रकं लिहिणारे यांच्यासोबत या स्वस्त चित्रांचाही वाटा होता, इतकं म्हणायला हरकत नसावी.

होगार्थच्या मालिकेत एक दोष आहे, आणि तो आजच्या पोस्टरांतही जसाच्या तसा उतरला आहे. आज कुत्र्याला छळणारा उद्या माणसाला मारील, असा तिचा रोख. जर्मन तत्त्वज्ञ कांटने आपल्या व्याख्यानांत याच चित्रांचा दाखला दिला होता, आणि त्याचा निष्कर्ष असा की प्राण्यांबाबत आपलं थेट कर्तव्य काही नाही. त्यांच्याशी दयेने वागायचं ते माणसांशी वागण्याची सवय बिघडू नये म्हणून. म्हणजे कुत्रं हे सरावाचं साधन. ‘प्राण्यांवर दया करणारी मुलं चांगले नागरिक होतात’ हे घोषवाक्य त्याच वंशातलं. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. प्राण्यांचा छळ आणि घरातली हिंसा अनेकदा एकाच छपराखाली सापडतात. पण या तर्कावर सगळा डोलारा उभा करायचा तर नोव्हेंबर १९३३ मध्ये जर्मनीत झालेल्या प्राणिसंरक्षण कायद्याचं काय करायचं? तो त्या काळच्या मानाने चांगलाच कडक कायदा होता, आणि तो कुणी केला हे सांगायला नको. प्राण्यांवरची दया माणसांवरच्या दयेची हमी देत नाही. गाढवाची सोललेली पाठ दुखते, हे कारण पुरेसं आहे. त्याला नागरिकशास्त्राचा टेकू कशाला?

हात दाखवण्याचं दुसरं उदाहरण कादंबरीतलं. ॲना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ १८७७ साली आली. आज ती मुलांच्या कपाटात असते, पण लेखिकेच्या मनात वाचक होते ते घोडे सांभाळणारे आणि हाकणारे लोक. तिने घोड्यांच्या दुःखावर सर्वसाधारण अश्रू ढाळले नाहीत. एका पट्ट्यावर बोट ठेवलं. घोड्याची मान उंच, ऐटबाज दिसावी म्हणून श्रीमंतांच्या गाड्यांना एक आखूड लगाम लावत. त्याने डोकं खाली करता येत नाही, श्वास कोंडतो, आणि चढावर अंगाचं वजन पुढे टाकून ओढताही येत नाही. हे सगळं तिने घोड्याच्याच तोंडून सांगितलं. १८९० मध्ये जॉर्ज एंजेल यांच्या संस्थेने अमेरिकेत तिची आवृत्ती काढून ती गाडीवान आणि तबेल्यातल्या माणसांमध्ये मोफत किंवा नाममात्र किमतीत वाटली. आणि त्या लगामाची फॅशन ओसरत गेली. बघा, मागणी किती लहान आहे. ‘घोड्यांवर प्रेम करा’ असं सांगितलं तर मालक म्हणेल, करतोच की. ‘हा पट्टा काढा’ म्हटलं तर त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

इथवर वाचून एक आक्षेप मनात यायला हवा, आणि तो मला सर्वांत जड वाटतो: हात दाखवायचा तर तो नेहमी गरिबाचाच दाखवला जातो. बैलाला टोचणारा गाडीवान, घोडा दामटणारा टांगेवाला, माकड नाचवणारा. ज्याचं पोट जनावरावर अवलंबून, तोच भिंतीवर राक्षस. हा आक्षेप नवा नाही. १८०० साली ब्रिटिश संसदेत बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ बंद करण्याचं विधेयक आलं, तेव्हा विल्यम विंडहॅम या खासदाराने नेमका हाच प्रश्न केला: गरिबांची करमणूक क्रूर, मग तुमच्या शिकारी कोण बंद करणार? विधेयक दोन मतांनी पडलं. तो खेळ १८३५ साली बंद झाला. इंग्लंडमध्ये कुत्रे घेऊन कोल्ह्याची शिकार करण्यावर बंदीचा कायदा व्हायला २००४ उजाडलं. दोन तारखांमधलं अंतर बघितलं की विंडहॅमच्या बोलण्यातला खरेपणा कळतो, जरी त्याने तो बैलांना वाचवण्याविरुद्ध वापरला तरी. पण यावरून निघतं काय? दोघांनाही सोडा, असं? की दोघांनाही चित्रात घ्या, असं? होगार्थच्या गाडीतले ते चार वकील म्हणूनच मला इतके महत्त्वाचे वाटतात. गाढवावर विटा लादणाऱ्याचं चित्र काढायचं असेल तर त्याला खेपेमागे मोबदला ठरवून देणारा ठेकेदारही चौकटीत आला पाहिजे, आणि त्या विटांच्या इमारतीत राहायला जाणाराही. जनावर पाळणाऱ्याला चित्रात नुसतं उभं करू नका, चित्र काढायला बोलवा. खोगिराखाली जखम कशी होते, नालाचा खिळा चुकला तर घोडा पाय कसा टाकतो, उन्हात कोणत्या वेळी जनावर धापा टाकायला लागतं, हे त्याला माहीत असतं, चित्रकाराला नसतं. त्याच्याकडून शिकून काढलेल्या चित्रासमोर तो अपमानित होऊन मान फिरवणार नाही. ‘इथे पॅड असं लावायला हवं होतं’ म्हणून वाद घालेल. तो वाद झाला तर चित्र वसूल.

रक्तामांसाच्या चित्रांबद्दल थोडक्यात. काही कार्यकर्त्यांना वाटतं, लोकांना कत्तलखान्याच्या आतलं दाखवलं की प्रश्न सुटला. दोन-चारजण त्याने खरोखर आयुष्यभरासाठी बदलतात, हे मान्य. पण बहुतेकांचा हात आधी डोळ्यांवर जातो, आणि पुढच्या वेळी ते त्या रस्त्यानेच येत नाहीत. मृतांचे आकडे फुगवत नेले म्हणूनही फरक पडत नाही. संख्या वाढली की कळवळा वाढण्याऐवजी बोथट होतो, हे पॉल स्लोव्हिक आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी वारंवार दाखवलं आहे.

माझ्या सिद्धान्ताला छेद देणारं एक मोठं उदाहरण आहे. ते लपवून उपयोग नाही. बर्म्युडाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या मायक्रोफोनवर फ्रँक वॉटलिंग्टन या अभियंत्याला कुबडे देवमासे ऐकू आले. ते आवाज रॉजर पेन यांनी अभ्यासले, त्यांत पुन्हा पुन्हा येणारी रचना आहे हे दाखवलं, आणि १९७० साली त्यांची तबकडी बाजारात आली. १९७९ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने अंकासोबत त्या आवाजांची पातळ तबकडी एक कोटीहून अधिक प्रतींतून घरोघर पोचवली. व्यापारी देवमासेमारी थांबवण्याचा ठराव आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८२ मध्ये केला. काही देशांनी तो मानला नाही, पण कत्तलीचं प्रमाण खूप घसरलं. त्या तबकडीत माणसाचा हात कुठे होता? कुठेच नाही. निव्वळ प्राणी. मग? मला वाटतं, फरक अंतराचा आहे. देवमासा ऐकणाऱ्याच्या रोजच्या जगात नव्हताच. तेल, चरबी, टनांचे आकडे एवढीच त्याची ओळख होती. जो अस्तित्वातच नाही त्याच्याबद्दल आधी ‘तो आहे’ एवढं सांगावं लागतं, आणि ते काम त्या आवाजांनी केलं. शिवाय हाताचं काम तेव्हा बाहेर चालूच होतं: देवमाशांवर हारपून म्हणजे भाला डागणाऱ्या तोफेसमोर रबरी होड्या नेणाऱ्यांची छायाचित्रं त्याच दशकात वर्तमानपत्रांतून येत होती. पण दारातलं कुत्रं, बाजारातलं गाढव, पिंजऱ्यातला पोपट हे आपल्याला रोज दिसतात. ते आहेत हे सांगायला कला नको; त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करण्याची जी सवय लागली आहे, ती मोडायला हवी.

आणि कलेनेच प्राण्याला वापरून घेतलं तर? १९३९ साली हॉलिवूडच्या एका चित्रपटासाठी घोडा कड्यावरून खाली पाण्यात ढकलला गेला आणि मेला. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षापासून चित्रीकरणाच्या जागी प्राण्यांवर देखरेख ठेवण्याची पद्धत सुरू झाली. डेन्मार्कमधल्या एका संग्रहालयात २००० साली मिक्सरच्या भांड्यांत जिवंत गोल्डफिश ठेवून, बटण दाबायचं की नाही हे प्रेक्षकांवर सोडलं होतं. कुणीतरी दाबलंच. माणसाच्या क्रौर्याचा आरसा वगैरे त्याचं समर्थन झालं. आरशाची किंमत माशांनी दिली. थायलंडमधल्या पर्यटकांच्या तळांवर हत्ती सोंडेत कुंचला धरून फुलं काढतात, स्वतःचंच चित्र काढतात, आणि पर्यटक हरखून ते चित्र विकत घेतात, हत्तींबद्दलच्या प्रेमापोटीच. शेजारी माहूत उभा असतो. त्याचा हात हत्तीच्या कानाशी असतो, आणि कान जसा ओढला जाईल तशी रेघ वळते. प्रेक्षकांतल्या बहुतेकांच्या फोटोंत तो हात चौकटीबाहेर राहतो.

परिणाम मोजता येत नाही, ही तक्रार मात्र दोन्ही तटांनी सोयीने वापरली आहे. काही गोष्टी मोजल्या गेल्या आहेत. पोलंडमधल्या संशोधकांच्या २०१६ सालच्या प्रयोगांत, प्राण्यावरच्या अत्याचाराचं वर्णन असलेला कादंबरीतला उतारा वाचलेल्यांची प्राणिकल्याणाविषयीची मतं, दुसरं काही वाचलेल्यांपेक्षा अनुकूल निघाली. मतं, ती प्रश्नावलीत नोंदलेली. अमेरिकेत फ्रँक ॲसिओन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी-पाचवीच्या वर्गांवर केलेल्या अभ्यासात चौथीच्या मुलांची प्राण्यांकडे पाहण्याची वृत्ती सुधारलेली दिसली, पण तो कार्यक्रम वर्षभर चालला होता. एका दिवसाची रंगपंचमी आणि मग वर्षभर पोपडे धरणारी भिंत, असा तो प्रकार नव्हता. म्हणून अशा उपक्रमाला पैसे देणाऱ्याने विचारण्यासारखे प्रश्न साधे आहेत. हे चित्र कुणाचं कोणतं एक वागणं बदलावं म्हणून काढताय? तो माणूस इथून रोज जातो का? त्याला जे करायला सांगताय ते त्याच्या ऐपतीत आहे का, नसेल तर पॅड, पाण्याची टाकी, डॉक्टरचा फोन यांची सोय कोण करणार? आणि सहा महिन्यांनी तुम्ही इथे येऊन काय मोजणार आहात? बहुतेक प्रस्ताव पहिल्याच प्रश्नाला अडखळतील.

चित्रकार मंडळी यावर रागावतील, आणि त्यांच्या रागातही अर्थ आहे. कलेला असं कामाला जुंपलं की ती प्रचार होते, तिच्यातली संदिग्धता मरते, असं ते म्हणतील. जुंपलेली कला बहुधा वाईट असते हे खरंच. गेल्या शतकातल्या सरकारी भित्तिचित्रांनी ते सिद्ध केलं आहे. पण होगार्थचं ते रस्त्यावरचं चित्र जुंपलेलं असूनही आज पावणेतीनशे वर्षांनी त्यात नवे तपशील सापडतात. उद्देश ठरलेला असला म्हणून चित्र सपाट होत नाही. चित्रकाराने रस्ता नीट पाहिलेला नसला की होतं. ज्याला प्राण्याकडे फक्त आकार, रंग आणि गूढ म्हणून पाहायचं आहे त्याने तसं अवश्य पाहावं. त्यातूनही मोठी चित्रं निघाली आहेत, पुढेही निघतील. फक्त त्यासाठीचा पैसा त्याने कलेच्या खात्यातून मागावा, जनावरांच्या दवाखान्याच्या नाही.